चौदा फेऱ्या

शैलेंद्रने मोबाइल उघडला आणि रोजच्यासारखे दोघींचे आकडे वाचले. शालिनीकाकू, चार हजार एकशे बारा पावलं. आई, शहाण्णव.

रत्नप्रभाबाईंनी मनगटावरच्या, पावलं मोजणाऱ्या काळ्या पट्ट्याकडे पाहिलं. संधिवाताने गुडघे धरल्यापासून त्यांचं चालणं वॉकरवर आलं होतं. आज दुपारी त्यांनी क्वार्टरच्या अंगणात, पायरीपासून पेरूच्या झाडापर्यंत, चौदा फेऱ्या मारल्या होत्या. वॉकरचे दांडे दोन्ही हातांनी घट्ट धरून.

तसं त्यांनी सांगितलं.

"आई, माझ्याशी खोटं कशाला? यात सगळं बरोबर येतं." आज पाचशे झाली नाहीत, तर उद्यापासून बाई लावायची, तीच आंघोळ घालेल, हे त्याने पुन्हा बजावलं.

परक्या बाईच्या हातून आंघोळ नको होतीच. पण त्याहून जास्त झोंबलं ते धाकट्या जावेचं, शालिनीचं, गालातल्या गालात हसणं. ही शुगरची पेशंट कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही जात नाही, आणि हिची चार हजार?

शालिनी स्वयंपाकघरात गेली. मागोमाग वॉकर सरकवत रत्नप्रभाबाई दारात जाऊन उभ्या राहिल्या.

शालिनी ओट्याशी पोळ्या लाटत होती. पाय जागचे हलत नव्हते. हात तेवढे पुढे-मागे चालले होते, आणि मनगटावरचा आकडा पोळीगणिक वीसेकाने चढत होता. रत्नप्रभाबाईंनी तीन पोळ्या होईपर्यंत पाहिलं. एकतीस वर्षं ते लाटणं त्यांचं होतं. वॉकर आला आणि ते शालिनीकडे गेलं.

"लाटणं दे इकडे."

"वहिनी, बोटं ठणकतील."

"ठणकू देत. खुर्ची ओढ."

त्या टेबलाशी बसून लाटू लागल्या. पहिल्या पोळ्या वेड्यावाकड्या झाल्या. बोटं पेटली. कणीक संपली तेव्हा त्यांनी आणखी भिजवायला लावली. शालिनी भाजत राहिली.

शैलेंद्र मोबाइल घेऊनच आत आला. "कमाल है! आई, पाचशे बावीस? कधी चाललीस एवढी?"

रत्नप्रभाबाईंनी लाटणं खाली ठेवलं.

"दुपारी. चौदा फेऱ्या मारल्या त्यांनी," तव्याकडे बघत शालिनी म्हणाली. "मी खिडकीतून मोजल्या."

तो खूश होऊन बाईला नको म्हणून कळवायला बाहेर गेला.

"मोजल्या होत्यास, तर मघाशी तोंड का शिवलं होतंस?"

शालिनीने पोळी उलटली. "या घरात पहिल्यांदाच माझं कौतुक चाललं होतं, वहिनी."

टोपल्यात तिघांना तीन दिवस पुरतील एवढ्या पोळ्या झाल्या होत्या. रत्नप्रभाबाईंनी जावेच्या मनगटावरच्या आकड्याकडे एकदा पाहिलं, आणि आणखी एक गोळा हातात घेतला.