पायपेटीचं पार्सल

त्या साली कापसाकडे व्यापारी फिरकेना, म्हणून पुंडलिकरावांच्या घरी कापूस खोलीत झोपायचा अन् माणसं ओसरीवर. अशात लेक सुरभीनं पुण्यात गाण्याचा क्लास काढला, तिला जुनी जडशीळ पायपेटी धाडायची होती.

पेटी दुरुस्त करणारे गुलाम नबी म्हणाले, "भाऊ, खोक्यात कुटार-भुसा भरा."

"कुटार ढोराईले लागते. कापूस कोनाले लागते?" म्हणत पुंडलिकरावांनी सरकीसकट कापूस ठासून भरला.

आठवड्यानं सुरभीचा रडवेला फोन आला. "बाबा, ट्रान्सपोर्टच्या गोदामातले उंदीर सरकीसाठी खोक्यात शिरले. भात्याचं चामडंही खाल्लं. पेटी मुकी झाली."

पुंडलिकरावांनी खोलीतल्या कापसाकडे पाहिलं.



"जाऊ दे पोरी. आपल्या मालाले कोनी गिऱ्हाईक तं भेटलं!"