गुणी लेकरं

छपराखाली चौतीस लेकरं होती आणि एकही रडत नव्हतं.

सगुणाबाईचा तिथला दुसराच दिवस. महिनाभर ती बाहेर उन्हात खडी फोडत होती. बोटावर हातोडा बसून नख गेलं, म्हणून मुकादम दत्तरावाने तिला लेकरं सांभाळायला कुसुमबाईच्या हाताखाली दिलं. त्र्याहत्तरचा चैत्र होता. पेडगावपासून दोन कोसांवर दुष्काळी तलावाचं काम चालू होतं. बाया बांधावर टोपली वाहत, तोवर त्यांची तान्ही लेकरं इथं पोत्यांवर पडलेली असत.

सगुणाबाईने स्वतःची चार वाढवली होती. इतकी गप्प लेकरं तिने कधी पाहिली नव्हती. चांगुणाबाईच्या आठ महिन्यांच्या मुलीच्या ओठावर माशी बसली होती. पोरीचे डोळे उघडे होते. माशी ओठावरून नाकपुडीत गेली, बाहेर आली, डोळ्याच्या कोपऱ्यात बसली. पोरीने मानसुद्धा हलवली नाही.

कुसुमबाई कमरेची डबी काढून ओळीने निघाली. करंगळीच्या नखावर काळं, चिकट काहीतरी घ्यायची, लेकराच्या जिभेवर चोळायची आणि पुढच्याकडे सरकायची. एकाचा शेंबूड तिने त्याच बोटाने काढला, बोट लुगड्याला पुसलं, आणि तेच दुसऱ्याच्या तोंडात घातलं. काल हे सगळं सगुणाबाई यायच्या आधीच उरकलं असावं.

"काय चाटवायलाव, मावशी?"

"अफू," कुसुमबाई म्हणाली. गूळ म्हणावं तसं. "लेकरू रडलं की माय टोपलं टाकून पळत येती. मुकादमच आणून देतो, मानवतच्या बाजारातून."

सगुणाबाई छपरामागे गेली. सकाळची रेशनच्या मिलो ज्वारीची भाकर तशीच बाहेर पडली.

ती तोंड धूत होती तेव्हा जीप आली. जिल्ह्याहून एक साहेब काम बघायला आले होते. दत्तराव त्यांना छपरात घेऊन आला. साहेबांनी वाकून लेकरांची रांग पाहिली आणि खूश झाले.

"आमच्या घरी एकच आहे, तर रात्रभर डोळ्याला डोळा लागू देत नाही," ते म्हणाले. "तुमची लेकरं फार गुणी."

दत्तराव हसला.

"साहेब," सगुणाबाई म्हणाली, "एक टाळी वाजवा की."

साहेबांना गंमत वाटली. त्यांनी टाळी वाजवली. एकाही लेकराने मान वळवली नाही. त्यांनी आणखी जोरात वाजवली. बाहेर बांधलेला बैल बुजला, दाव्याला हिसका देऊन उभा राहिला. आत कुणाची पापणीही लवली नाही.

"झोपलीत," साहेब म्हणाले.

"डोळे उघडे हायेत, साहेब. अफू चाटवतेत त्यास्नी. टाळू भरली न्हाई अजून, अन् डोस्क्यात अफू भरायलेत."

साहेब खाली वाकले. पोत्यांवरच्या ओल्या घाणीचा वास आला तसा त्यांनी रुमाल नाकाला लावला. त्यांनी दत्तरावाकडे पाहिलं.

"ऊन लय हाय, साहेब," दत्तराव म्हणाला. "लेकरं सुस्तावतेत."

"हं. बघा जरा काय ते," साहेब म्हणाले, आणि रुमाल न काढताच जीपकडे गेले.

धुरळा बसायच्या आत दत्तराव परत आला. "उद्यापासून खडीवर जायचं," एवढंच तो सगुणाबाईला म्हणाला.

तो गेल्यावर तिने कुसुमबाईच्या कमरेची डबी ओढून घेतली आणि चुलीत रिकामी केली. बाजाराला अजून तीन दिवस होते.

दुपारी बाया अंगावर पाजायला आल्या. सगुणाबाईने चांगुणाबाईला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. चांगुणाबाईने छातीवरची धूळ पदराने पुसली, पोरीला लावून घेतलं.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "घरी बी देत होते म्या. सरली परवा. लेकरू वरडत बसलं तर सैपाक कवा करावा?"

सगुणाबाईला तिचा हात नकोसा वाटला, पोरीच्या डोक्यावरून फिरणारा. मग तिला आठवलं, काल दुपारी आपण याच शांततेत डुलकी काढली होती, आणि काम किती सोपं म्हणून बरं वाटलं होतं. तेव्हा तिला स्वतःचीच किळस आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं लेकरू रडलं. मग त्याच्या शेजारचं. दिवस कासराभर वर येईतो छप्पर नुसतं फुटत होतं. लेकरांच्या नाकातून पाणी वाहत होतं, जांभया येत होत्या, हातपाय ताठ होत होते. कुसुमबाई कानात बोटं घालून बाहेर जाऊन बसली. सगुणाबाईला खडीवर पाठवायचं दत्तरावाने नावही काढलं नाही. दोन काखांत दोन आणि पाठीला एक बांधून ती येरझाऱ्या घालत होती.

बांधावरची एक बाई टोपली खाली ठेवून उभी राहिली. मग दुसरी. मग रांगच मोडली. दत्तराव शिव्या देत आडवा आला, पण बाया त्याच्या दोन्ही बाजूंनी पळत सुटल्या. छपरात शिरून प्रत्येक बाई आपलं लेकरू आवाजावरून शोधू लागली.

चांगुणाबाईला आवाज सापडेना. बायांतून वाट काढत ती पोत्यांच्या कडेला पोचली. पोरगी डोळे उघडे ठेवून पडली होती. चांगुणाबाईने तिला उचललं, हलवलं. तळपायाला चिमटा काढला. मग पुन्हा, नख रुतवून. पोरगी तिच्या खांद्यापलीकडे बघत राहिली.

चांगुणाबाईने तिला दोन्ही हातांनी सगुणाबाईपुढे धरलं.

"सगुणा, रडीव गं हिला," ती म्हणाली. "काई बी कर, पर रडीव."