टोपीभर बिल्ले

"खाली अजून कुणी आहे का?"

मेर्लेनं विचारून टाकलं, तेही चेहरा अगदी सरळ ठेवून! मागे लाले आणि फिन्या हसू दाबत होत्या. हा प्रश्न विचारायची पैज त्यांनीच लावली होती. खाणीच्या या संग्रहालयात माहिती सांगणारा माणूस म्हणजे मेर्लेचेच पप्पा, त्यामुळे तर जास्तच मजा.

"भुतं सोडून कुणी नाही, बाईसाहेब," पप्पा म्हणाले. वर्ग खिदळला. त्यांनी भिंतीवरच्या फळ्याकडे बोट केलं. प्रत्येक खिळ्याला पितळी बिल्ला, खाली नाव. "खाली उतरताना बिल्ला घ्यायचा, वर आलं की खिडकीत परत द्यायचा, तो पुन्हा खिळ्याला लागायचा. आग लागली, सगळे वर धावले, आणि शेवटी एकही खिळा रिकामा नव्हता. म्हणजे सगळे वर. मग भिंत घालून बोगदा बंद केला. त्या दिवसापासून फळा तसाच आहे."

मग त्यांचा नेहमीचा किस्सा. "माझा बाप मुकादम. रांगेत कशाला ताटकळायचं, म्हणून अख्ख्या टोळीचे बिल्ले खालीच टोपीत गोळा करायचा आणि वर एकटाच देऊन टाकायचा. बाकीचे थेट आंघोळीला!"

टोपी काचेच्या पेटीत होती. सगळे हसले. मेर्लेही.

हसता हसता तिची नजर फळ्यावरच्या एका नावावर गेली. पावलाक. शेजारच्या पावलाक आजींचा नवरा, आजोबांच्याच टोळीतला. आगीच्याच दिवशी कुणा बाईबरोबर हॉलंडला पळालेला. गल्लीत पोराटोरांनाही पाठ होतं. "नवे बूटसुद्धा टाकून गेला मेला," आजी म्हणायच्या. "एवढी घाई!"

"पप्पा," मेर्ले म्हणाली, "टोपीत बिल्ला टाकून कुणी मागेच राहिलं असेल तर?"

पप्पांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "चला, पुढच्या दालनात."

संध्याकाळी बटाट्याचं सूप कुणीच संपवलं नाही.

"चाळीस वर्षं झाली," शेवटी पप्पा म्हणाले. "म्हातारीला शिव्या द्यायला एक माणूस तरी आहे. तेवढा राहू दे."

"आणि आजोबांचं काय?" आई म्हणाली. "सगळं गाव त्यांना मानतं, मेर्ले."

मेर्लेनं जाकीट चढवलं. खिडकीतून पलीकडचं स्वयंपाकघर दिसत होतं. आजी एकट्याच जेवत होत्या.

"मी पावलाक आजींकडे चाललेय," ती म्हणाली. "ते हॉलंडला गेलेच नाहीत, एवढं मी सांगणार. टोपीचं तुम्ही सांगा."