नळाशेजारी दिवा नको

कॅबिनेटखाली दिवे लागले आणि हेरंबचा संसार वाचला. हे वाक्य वाचलंच नाही, असं समजा.

स्वयंपाकघरातल्या कॅबिनेटच्या सावलीत मृण्मयीने कांद्याऐवजी पुन्हा बोट चिरलं. "आज इथे दिवा लाव, नाहीतर मी मिरजेला आईकडे चालले. कायमची!"

हेरंब नियमाचा पक्का. नळाचं पाणी उडेल तिथे दिवा बसवायचा नाही, हा नियम. त्यांच्या वीतभर ओट्यावर पाणी सगळीकडेच उडायचं. बायको जाईल या धास्तीने त्याने नळच उपटून बाल्कनीत नेला. मग कॅबिनेटखाली दिवे लावले. ओटा झळाळला.

"आता डाळ कुठे धुऊ?"

"बाल्कनीत."

"तिथे अंधार आहे रे! दिवा लाव."

"कसा लावणार? तिथे नळ आहे."

मृण्मयीने बॅग भरली, रिक्षा बोलावली. हेरंबने कागद ओढला: "विद्युत निरीक्षक महोदय, पाणी विजेचे वाहक नसल्याचे, निदान आमच्या घरापुरते, रिक्षा येण्यापूर्वी घोषित करावे, ही नम्र विनंती."