पक्की अक्षरं

"बाबा काय बोलतात ते चिठ्ठीत लिहिलंय. ती अक्षरं व्हिडिओतच पक्की बसवा. नंतर कुणाला काढता येऊ नयेत," फुलंब्रीहून मुकुंदवाडीच्या स्टुडिओत आलेल्या विश्वजीतनं मोबाइल आणि चिठ्ठी व्हिडिओ एडिट करणाऱ्या विशाखापुढं सरकवली. व्हिडिओत लकवा झालेले त्याचे वडील बोबडं काहीतरी सांगत होते. चिठ्ठीत एवढंच होतं, 'सगळी जमीन विश्वजीतच्या नावावर करा.'

मिनिटभर बोलणाऱ्या माणसाचं एकच वाक्य? विशाखाला वाटलं, इथं कुठंतरी पाणी मुरतंय. तिची आई तीन वर्षं लकव्यानं पडून होती. आईचं तुटकं बोलणं घरात फक्त तिलाच कळायचं. तिनं हेडफोन लावून व्हिडिओ दोनदा ऐकला.

"किती वेळ लागंल?"

"आधी लई वेळ जायचा. आता कॉम्प्युटरला नवं ग्राफिक्स कार्ड बसवलंय, झटक्यात होतं. चहा पिऊन या."

तो परतला तेव्हा व्हिडिओ त्याच्या मोबाइलवर येऊन पडला होता.

"इतक्यात? सगळं बसवलं ना?" त्यानं संशयानं विचारलं.

"व्हय. बाबा जे बोलले ते सगळं."

विश्वजीतनं व्हिडिओ न बघताच भावकीच्या ग्रुपवर टाकला. वडिलांच्या चेहऱ्याखाली ठळक पिवळी अक्षरं होती, 'अर्धी जमीन माझ्या लेकीची. ह्याला सांगून सांगून थकलो, हा ऐकतच नाय. तुम्ही तरी ऐका.'