बारा किलो जास्त

लग्नाला आठवडा झाला तसं बाळकुमच्या दिपेशने कोकणात समुद्रावर जायला चार सीटचं विमान भाड्याने घेतलं. सोबत बायको दक्षता. आणि मालवणच्या बहिणीला भेटायचं म्हणून दिपेशची जनीआजीही निघाली, सुक्या बोंबलांची गोणी घेऊन.

जुहूच्या विमानतळावर सगळ्यांना वजनकाट्यावर चढवून पायलट म्हणाला, "बारा किलो जास्त होतंय. काहीतरी उतरवा."

"अगं आजी, मालवणात मासे काय कमी आहेत?" दिपेश म्हणाला.

"बहीन अंथरुनावर परलीय. माज्याच हातचे बोंबील मागते. गोनी नाय उतरनार."

दिपेशने आशेने बायकोकडे पाहिलं.

"अहो, तुम्ही उद्या एसटीने या ना," दक्षता म्हणाली.

विमान उडालं. दिपेश खाली उभा राहून आपल्या हनिमूनला टाटा करत होता.