दस्तूरजींचा राखणदार
दस्तूरजींनी म्हाताऱ्या कुत्र्याला दवाखान्यातल्या टेबलावर ठेवलं. “पोरी, एक इंजेक्शन देऊन मोकळं कर. घरभर कुबट वास सुटलाय. नातीला सांगू, झोपेतच गेला.” डॉक्टरणीने त्याचं तोंड उघडून पाहिलं. दोन दात सडले होते. बाकी जनावर ठणठणीत. लहानपणी याच पारशी धर्मगुरूंनी तिला अवेस्ता हा धर्मग्रंथ शिकवला होता. राखणदार कुत्र्याला मारणं पाप आणि खोटं बोलणं त्याहून घाणेरडं, असं त्यांनीच घोकून घेतलं होतं. “दस्तूरजी, अवेस्तात काय सांगितलंय?” तिने विचारलं. “अगं, शिकवण्यापुरतं ते ठीक असतं. तो वास सोसून बघ!” तिने कुत्र्याला आपल्याजवळ ओढलं. “कुत्रा इथेच राहील. नातीशी खोटं तुमचं तुम्ही बोला.” सुटल्यासारखं हसत दस्तूरजी निघाले आणि दारातून परत वळले. “पोरी, तेवढा गळ्यातला पट्टा काढून देतेस का? परवाच नवा घेतलाय.”